उपास कोणी करावा?

आमच्या इंदुरात दिवस पोहे-जिलबीने उगवतो आणि रात्र सराफ्यात सरते. माझा पुतण्या याच चवींवर पोसला. दिवसभर दुकानाची गादी आणि तोंडात तंबाखू. लग्नाला सहा वर्षे होऊनही मूल नव्हते. नवस, औषधे, सोळा सोमवार सारे सूनबाईंच्या वाट्याला आले. मुख्याध्यापक म्हणविणारा मीही गप्पच राहिलो.

अखेर एका डॉक्टरांनी पुतण्याची तपासणी केली. शुक्रजंतू कमी निघाले. अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचेही कारण असते, हे मला पन्नाशीनंतर उमगले! शुक्रजंतू घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तेवढा काळ तरी डाळी, भाज्या, फळे यांचे ताट हवे, वजन आटोक्यात हवे, तंबाखू-मद्य वर्ज्य हवे. केवळ गोळ्यांवर विसंबू नये. जस्त व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी अपत्यप्राप्ती वाढली नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत दिसले.

आहाराने प्रत्येक दोष जातोच असे नाही. पण पुतण्याने तंबाखू सोडली. त्या सोमवारी मी म्हटले, ‘‘सूनबाई, जेवायला बसा. आता पथ्य त्याचे.’’ तिचे डोळे भरून आले. माझी मान मात्र वर झाली नाही.