तोरणमाळचें तट्टू

सातपुड्यांतील तोरणमाळास गेल्या माघांत गेलों. यशवंत तलाव व गोरक्षनाथाचें देऊळ पाहण्यासारखीं आहेतच. माझे चार दिवस मात्र मुक्कामाशेजारच्या एका लंगड्या तट्टाच्या सेवेंत गेले. दत्तजयंतीस तापीकांठीं सारंगखेड्याच्या घोडेबाजारांत उमद्या जनावरास लाखांचें मोल येतें; हें म्हातारें कोणी फुकटही नेलें नसतें. शालिहोत्राचें नांव वर्गांत जन्मभर घेतलें, पण खूर उचलून कसा धरावा हें शिकविलें त्याच्या धन्याच्या पावरा मुलानें. आंकडा टांचेकडून पुढें ओढावयाचा, तळव्यांतील मऊ त्रिकोणास धक्का लागूं द्यावयाचा नाहीं. “गुरुजी, घाबरूं नका,” असें तो मलाच म्हणाला! रुतलेला खडा निघाला. मग रोज मिठाच्या कोमट पाण्याचा शेक. चौथ्या सकाळीं तट्टानें पाय पुरता टेकला. घरीं आल्यावर मंडळींनीं माझें धोतर वेगळें धुतलें.