रेड सॉक्सचा शाप आणि न छापलेली बातमी

बोस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघावरच्या लेखांचा एक संग्रह सध्या वाचतोय. नाव 'इम्पॉसिबल ड्रीम्स', संपादक ग्लेन स्टाउट, साल २००३. साल मुद्दाम सांगतोय. हा संघ १९१८ साली अजिंक्य ठरला आणि त्यानंतर थेट २००४ मध्ये. म्हणजे पुस्तक निघालं तेव्हा ८५ वर्षांची उपासमार चालू होती आणि पुढच्याच वर्षी ती संपणार होती. संपादकाला याचा पत्ता असणं शक्यच नव्हतं.

बेसबॉलचा एकही सामना मी मैदानात बसून पाहिलेला नाही. तरी या संघावरचं लेखन सोडवत नाही, कारण हरणाऱ्या संघावर माणसं फार सुंदर लिहितात. सतत जिंकणाऱ्यांवर लिहायचं म्हणजे आकडेवारी आणि आरती. रेड सॉक्सवर जॉन अपडाइकनं लिहिलं. २८ सप्टेंबर १९६० ला टेड विल्यम्स फेनवे पार्कवर शेवटचं खेळला, शेवटच्या फटक्यावर होम रन मारला आणि लोक ओरडत असताना टोपीला हातसुद्धा न लावता आत निघून गेला. अपडाइक तेव्हा २८ वर्षांचा, प्रेक्षकांत बसलेला. त्याचा तो 'न्यू यॉर्कर'मधला लेख क्रीडालेखनात आजही वरच्या रांगेत धरतात, आणि खरोखर तसाच आहे. येल विद्यापीठात साहित्य शिकवणारे बार्ट जियामाटी या संघावर लिहीत, ते पुढे बेसबॉलचे कमिशनरच झाले. असं भाग्य किती संघांच्या वाट्याला येतं?

आता हा संघ एवढी वर्षं का हरला? त्याचं लाडकं उत्तर म्हणजे शाप. मालकानं १९१९ च्या अखेरीस बेब रूथला न्यूयॉर्कच्या यांकीजना विकलं आणि शाप लागला. १९४६, १९६७, १९७५, १९८६, चारही वेळा अंतिम मालिकेत सातव्या सामन्यापर्यंत जाऊन हार. शाप म्हटला की चहाबरोबर गप्पा रंगतात, पुस्तकं खपतात. शिवाय शापाला कोणी जाब विचारत नाही.

पण १६ एप्रिल १९४५ चं काय? त्या दिवशी फेनवे पार्कवर तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची निवड चाचणी झाली. जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स. त्यांना घेऊन आला होता 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाचा बातमीदार वेंडेल स्मिथ. आणि संघानं चाचणी घेतली ती काही उदारपणे नाही. इझाडोर मच्निक नावाच्या नगरसेवकानं दम दिला होता, की कृष्णवर्णीयांना संधी देत नसाल तर रविवारच्या सामन्यांची परवानगी अडवतो. रविवारचा गल्ला बुडतोय म्हटल्यावर फाटक उघडलं. तिघं खेळले, फॉर्म भरून गेले. बोलावणं आलं नाही.

रॉबिन्सन दोन वर्षांनी ब्रुकलिनकडून उतरला, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जेथ्रो १९५० मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि तोही बोस्टनच्याच दुसऱ्या संघाकडून, ब्रेव्ह्जकडून! विली मेज घेण्याची संधीही रेड सॉक्सनी सोडली. त्यांच्याकडे पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पंप्सी ग्रीन, उतरला जुलै १९५९ मध्ये. सोळा संघांत सर्वांत शेवटी. तोवर रॉबिन्सन निवृत्तही झाला होता. आता सांगा, बेब रूथचा शाप की दारात आलेल्या माणसांना परत पाठवणं?

यात मला जास्त लागलं ते बातमीदारांचं. बोस्टनच्या बहुतेक पेपरांनी ती चाचणी जवळपास सोडूनच दिली. मैदानावर स्टँडमधून कुणीतरी त्या तिघांना शिवी देऊन हाकला म्हणून ओरडलं, हे तिथे हजर असलेल्या एका बातमीदारानं सांगितलं ते तीसेक वर्षांनी. म्हणजे बातमी कानावर आली होती, पेपरात आली नाही. वेंडेल स्मिथला तर बेसबॉल लेखकांच्या संघटनेत १९४८ पर्यंत प्रवेशच नव्हता.

एक गंमत बघा. टेड विल्यम्सच्या चाहत्यांच्या लेखी खलनायक म्हणजे स्तंभलेखक डेव्ह ईगन. विल्यम्सला त्यानं वर्षानुवर्षं छळलं, आणि काही वेळा अगदी हीन पातळीवर जाऊन. पण कृष्णवर्णीय खेळाडूंना घ्या म्हणून १९४५ साली बोस्टनच्या पेपरात उघड लिहिणारा हाच ईगन. आणि १९६६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये जाताना, निग्रो लीगच्या खेळाडूंनाही इथे जागा हवी, असं भाषणात बोलून दाखवलं ते विल्यम्सनं. एकमेकांचं तोंड न पाहणारी ही दोन माणसं या एका बाबतीत एका बाजूला होती.

हे वाचताना पळवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणारा आपला माणूस, ज्याला पुण्यात सोबतचे खेळाडू तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा द्यायचे. क्रिकेटवरचं मराठीत मिळेल ते वाचत मी मोठा झालो. बाळू मात्र मला नीट भेटला तो रामचंद्र गुहांच्या २००२ च्या इंग्रजी पुस्तकात. मुश्ताक अलींच्या फटक्यांची वर्णनं तोवर पाठ होती.

परत बोस्टनकडे. त्या काळातले मालक टॉम यॉकी, १९३३ पासून १९७६ मध्ये मरेपर्यंत. त्यांच्या नावाचा रस्ता फेनवे पार्कला लागून होता. २०१८ मध्ये शहरानं ते नाव काढून जुनं जर्सी स्ट्रीट परत आणलं. मागणी कुणाची? संघाचीच. आजचे मुख्य मालक जॉन हेन्री यांनीच ती लावून धरली, यॉकींच्या नावाच्या फाउंडेशनचा विरोध असताना. चांगलंच केलं. फक्त हेच हेन्री २०१३ पासून 'बोस्टन ग्लोब'चेही मालक आहेत. संघ त्यांचा, संघावर लिहिणारा शहरातला सर्वांत मोठा पेपरही त्यांचाच.

ग्लोबचे लोक संघावर टीका करत नाहीत असं मी म्हणत नाही, करतात. पण पुढचा संग्रह कोणी काढलाच, तर त्यात अपडाइकच्या शेजारी 'कुरिअर'मधला वेंडेल स्मिथ किती पानं मिळवतो, ते मी आधी अनुक्रमणिकेत बघणार आहे.