तारेचा हिशेब

बंगळुरात नोकरीला लागलो तेव्हा 28 गिगाहर्ट्झच्या ट्रान्सीव्हर चिपमधला लो-नॉइज ॲम्प्लिफायर माझ्या वाट्याला आला. अँटेनाने पकडलेला क्षीण सिग्नल स्वतःचा गोंगाट फारसा न मिसळता मोठा करायचा, एवढंच त्याचं काम. कॉलेजातली समीकरणं वापरून सर्किट मांडलं आणि सिम्युलेशनमध्ये गेनच्या आलेखाचं टोक बरोबर 28 वर आलं.

आमची टीम लीड नागपूरची. आलेख बघून म्हणाली, "छान. पण आता आधी इंडक्टर रेखाट, सर्किटचं मग बघू." मला हे उफराटंच वाटलं.

लेआउटनंतर, म्हणजे सर्किट चिपवर प्रत्यक्ष आखल्यावर, अर्थ कळला. इंडक्टरच्या 100 पिकोहेन्रीच्या वेटोळ्याला 28 वर नाद धरायला जेमतेम 320 फेम्टोफॅरड लागतात. धातूच्या तारा आणि जोडण्यांनी त्यात आणखी 60 घातले, की टोक 26 च्याही खाली घसरतं. तारेचं इंडक्टन्सही गप्प बसत नाही. 40 पिकोहेन्रीची तार डोळ्यांना दिसणारही नाही इतकी छोटी, पण या फ्रिक्वेन्सीला तिचा अडथळा 7 ओहम! सारी व्यवस्था 50 ओहमवर बेतलेली असताना हे सोडून कसं देणार? ग्राउंडचं तर विचारूच नका. कागदावर ते एक चिन्ह असतं, चिपवर मात्र परतीच्या करंटला खरोखरची वाट द्यावी लागते. ती आपण दिली नाही तर तो स्वतःची शोधतो, बहुधा शेजाऱ्याच्या सर्किटमधून. पॉवर ॲम्प्लिफायरवाले आणि ऑसिलेटरवाले यांच्यातली भांडणं याच जातीची.

मग मी वेटोळं, त्याच्या जोडण्या आणि परतीची वाट आधी रेखाटली, विद्युतचुंबकीय सिम्युलेशनमधून काढली आणि ट्रान्झिस्टरचं माप शेवटी ठरवलं. टेप-आउटनंतर, म्हणजे डिझाइन कारखान्याकडे पाठवल्यावर, चिप हातात यायला काही महिने लागतात. आली तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली प्रोबची टोकं पॅडवर टेकवली. गेन अपेक्षेपेक्षा थोडा कमी होता, पण टोक जागेवर होतं.

बऱ्याच ठिकाणी डिझाइन एकाकडे आणि लेआउट दुसऱ्याकडे असतो. कमी फ्रिक्वेन्सीला ते चालतं. या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींनी मात्र निदान पहिला लेआउट स्वतःच्या हाताने करावा, वरिष्ठ नको म्हणाले तरी.