नाव न घेता टीका कशी करायची?

एखाद्या कंपनीवर, संस्थेवर किंवा धर्मगुरूवर टीका करायची तर नाव घ्यावे लागते. ही गोष्ट खरे तर सांगावी लागू नये. १९४५ साली बाबासाहेबांनी 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ज्यांची झाडाझडती घ्यायची त्यांचे नाव त्यांनी थेट ग्रंथाच्या शीर्षकात घातले. 'एका मोठ्या पक्षाने आणि त्याच्या एका पुढाऱ्याने' असे मोघम शीर्षक देऊन तो ग्रंथ लिहिता आला असता काय? आणि ते शीर्षक वाचून, हा ग्रंथ काँग्रेसनेच छापला, असा कोणा वाचकाचा गैरसमज झाला असता काय? परंतु हेच नाव पुस्तकाऐवजी वेबसाईटच्या पत्त्यात आले की नावाचा मालक वकील लावतो आणि म्हणतो, हा आमचा ट्रेडमार्क आहे, पत्ता आमच्या हवाली करा.

ट्रेडमार्कचा कायदा मुळात गिऱ्हाईक फसू नये म्हणून आहे. एकाची साबणाची वडी दुसऱ्याच्या नावाने विकली जाऊ नये, एवढाच त्याचा गाभा. नाव ही मालकाची जहागीर आहे आणि त्याच्या परवानगीशिवाय ते कोणी उच्चारू नये, असे त्यात कुठेही नाही. पण व्यवहारात अर्थ तसाच लावला जातो.

अमेरिकेतले एक प्रकरण पाहा. जेरी फॉलवेल हे तिथले बडे ख्रिस्ती धर्मोपदेशक. समलिंगी माणसांबद्दल त्यांनी एका मुलाखतीत जे तारे तोडले ते ऐकून एका सामान्य नागरिकाने १९९९ साली वेबसाईट काढली. पत्ता फॉलवेल यांच्याच नावाचा, फक्त स्पेलिंगमध्ये एक 'एल' जास्तीचा. पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलेले की या साईटचा फॉलवेल यांच्याशी संबंध नाही, आणि त्यांची खरी साईट पाहायची असेल तर हा घ्या दुवा. विक्रीला काही नाही. फॉलवेल यांच्या साईटला दिवसाला ९,००० भेटी, याच्या साईटला २००. तरीही नोटिसा आल्या, आणि खालच्या कोर्टाने पत्ता फॉलवेल यांना देऊन टाका असा हुकूम केला! २००५ साली अपील कोर्टाने तो फिरवला. साईट उघडून वाचणारा कोणीही ती फॉलवेल यांची आहे असे समजणार नाही आणि टीकाकार या नावावर पैसा कमवत नाही, असे कोर्टाने म्हटले. २००६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने फॉलवेल यांचे प्रकरण ऐकायला घेण्यास नकार दिला.

एका 'एल'साठी सात वर्षे. या माणसाच्या पाठीशी पब्लिक सिटिझन ही लोकहिताची संघटना आणि तिचे वकील उभे राहिले, म्हणून तो टिकला. टेक्सासमधल्या एका वेब डिझायनरचीही अशीच गोष्ट. घराजवळ नवा मॉल होणार म्हणून त्याने हौसेने त्याची माहिती देणारी साईट काढली. टॉबमन या मॉलच्या मालक कंपनीने त्याच्यावर दावा लावला, तेव्हा त्याने कंपनीच्या नावापुढे 'सक्स' म्हणजे 'भिकार' असा शब्द जोडून दुसरा पत्ता घेतला आणि सगळा पत्रव्यवहार तिथे मांडला. २००३ साली अपील कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. स्वतःच्या नावापुढे 'भिकार' कोण लावून घेईल?

मात्र प्रत्येक टीकाकार हुतात्मा असतो असेही नाही. प्राणीहक्कांसाठी लढणाऱ्या 'पेटा' या संघटनेच्या नावाचा पत्ता १९९५ साली एकाने घेतला आणि त्या आद्याक्षरांचा अर्थ लावला 'चविष्ट प्राणी खाणारे लोक'. विनोद चांगला आहे. पण तो पान उघडल्यावर कळायचा. पत्ता मात्र हुबेहूब पेटाचाच होता. शिवाय पत्ता हवा असेल तर त्यांनी बोली लावावी, असे हा गृहस्थ बोलून बसला. २००१ साली तो हरला. बोली लावा म्हणणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. टीका आणि दुकानदारी यांच्यात फरक केलाच पाहिजे, नाहीतर खऱ्या टीकाकाराचे हसे होते.

कोर्टाबाहेरही एक रस्ता आहे. इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ साली त्यासाठी लवादाची पद्धत आणली. जिनिव्हाच्या वायपोकडे १,५०० डॉलर भरले की तक्रार दाखल होते. पत्ता ज्याचा आहे त्याला उत्तरासाठी २० दिवस मिळतात. त्याचा पत्ता काढून घ्यायचा तर तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: नाव फसवे वाटावे इतके सारखे आहे, त्याचा त्यावर काही रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतले आणि वापरले. टीका हा रास्त हक्क आहे हे पंच मान्य करतात. पण पत्ता तंतोतंत कंपनीच्याच नावाचा असेल तर टीकेसाठी तो चालतो की नाही, यावर पंचांचेच दोन तट आहेत. म्हणजे तुमचे नशीब पंच कोण यावर!

समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या आम्हाला या सगळ्याशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या सात मुलींनी एका खासगी नर्सिंग संस्थेत प्रवेश घेतला, नंतर सोडला. संस्थेने फी परत केली नाही आणि मूळ मार्कशीट अडकवून ठेवल्या. मुलींनी हजार रुपयांच्या आत एक पत्ता विकत घेतला: संस्थेचे नाव आणि त्यापुढे 'फी परत द्या'. पावत्यांचे फोटो टाकले. तीन आठवड्यांत वकिलाची नोटीस आली. ट्रेडमार्कचा भंग, २५ लाखांची भरपाई, १५ दिवसांची मुदत. नोटिशीत पावत्या खोट्या आहेत असे एकदाही म्हटलेले नव्हते!

एका मुलीचे वडील टेम्पो चालवतात. ते म्हणाले, "सर, पोरीला सरकारी दवाखान्यात लागायचंय. उद्या पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये हे निघालं तर?" त्यांना फॉलवेलचा निकाल सांगून काय उपयोग? त्या रात्री साईट बंद झाली. कोर्टाची पायरीही न चढता संस्थेला हवे ते मिळाले. नोटीस लिहिणाऱ्याचा हिशोब हाच असतो.

मग आम्ही वाचायला बसलो. आपल्याकडे २००४ साली सुप्रीम कोर्टाने सत्यम इन्फोवे प्रकरणात वेबसाईटच्या पत्त्यालाही ट्रेडमार्कसारखे संरक्षण आहे असे म्हटले, पण ते दोन धंद्यांमधले भांडण होते. टीकेच्या बाबतीत टाटा विरुद्ध ग्रीनपीस हे प्रकरण महत्त्वाचे. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे समुद्री कासवे धोक्यात येतील म्हणून ग्रीनपीसने टाटांचे नाव आणि चिन्ह वापरून एक व्हिडिओ गेम काढला. टाटांनी १० कोटींचा दावा लावला. २८ जानेवारी २०११ रोजी दिल्ली हायकोर्टाचे न्या. रवींद्र भट यांनी गेमवर मनाई हुकूम द्यायला नकार दिला. टीकेसाठी चिन्ह वापरणे आणि धंद्यासाठी वापरणे एक नव्हे. आपल्या १९९९ च्या कायद्यातले कलम २९ देखील 'व्यापाराच्या ओघात' केलेल्या वापराबद्दल बोलते. आणि कलम १४२ तर सांगते की ट्रेडमार्कच्या नावाखाली निराधार धमकी देणाऱ्यावर उलट दावा लावता येतो. हे कलम आम्हाला एकाही माहितीपत्रकात दिसले नव्हते. पण तो दावा जिल्हा न्यायालयात लावायचा, वकील द्यायचा, तारखांना मजुरी बुडवायची. मोठ्या संस्थेला हा खर्च किरकोळ, टेम्पोवाल्याला नाही.

मुलींनी बैठक घेऊन ठरवले की पत्ता सोडायचा नाही. वडिलांची भीती खरी होती, म्हणून पत्ता आमच्या मंडळाच्या नावावर करून घेतला आणि नोटिशीला उत्तर दिले. उत्तरात तीनच गोष्टी आहेत. या साईटवर काहीही विकले जात नाही. 'फी परत द्या' असे लिहिलेली साईट संस्थेचीच आहे असे कोणालाही वाटणार नाही. आणि सात मार्कशीट कोणत्या तारखेला परत करणार ते कळवावे. साईट पुन्हा सुरू आहे. रजिस्टर पोस्टाची पोचपावती आली, उत्तर अजून नाही. दोन मार्कशीट मात्र गेल्या सोमवारी कुरिअरने घरी आल्या, सोबत पत्र नव्हते.