काळीतला गारा

मृगाच्या दोन-चार सरी बरसल्या की वर्धा जिल्ह्यातली काळी पाय धरू लागते. चप्पल हातात घेऊन चाललं तरी दहा पावलांत तळपायाला मातीचा थर चढतो, त्यावर दुसरा, आणि माणूस जड झालेले पाय ओढत धुरा गाठतो. काडीने खरवडलं तरी बोटांच्या बेचक्यात काळी रेघ उरतेच. या चिखलाला आमच्याकडे गारा म्हणतात.

बसाल्टचा खडक युगानुयुगं झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज आहे. त्याच्या थरांत पाणी शिरलं की ते फुगतं, आटलं की आकसतं. म्हणून वैशाखात याच शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, वरचा भुगा त्या भेगांत उतरतो आणि काळी आपली आपणच उलथीपालथी होते. पावसाळा सरल्यावर कापसाची पऱ्हाटी आणि तूर कितीतरी दिवस उभी राहते, तीही याच पोटात धरलेल्या पाण्यावर. गाऱ्याचा राग मला म्हणूनच धरता येत नाही.

चिखलाचे शब्द जिथल्या तिथल्या मातीतून येतात. दलदलीसाठीचा इंग्रजीतला ‘बॉग’ आयरिश लोकांकडून आला, त्याचा मूळ अर्थ मऊ. ‘क्वॅगमायर’मध्ये पायाखाली थरथरणारी जमीन आहे. आयर्लंडातल्या त्या दलदली बारमाही ओल्या, शेवाळ साचून पीट झालेल्या. आपला चिखल, प्राकृतातला ‘चिक्खल्ल’, पावसाबरोबर येतो आणि पावसाबरोबर जातो. त्यामुळे आपले शब्द मातीतल्या पाण्याच्या वेळा सांगतात: ओल, वाफसा, गारा, चिबड.

यातला वाफसा मला सगळ्यात देखणा वाटतो. शेतकरी वाकून मूठभर माती उचलतो, दाबतो. गोळा झाला, पण हाताला चिकटला नाही आणि बोटाने टोचताच फुटला, की वाफसा आला. मग डवऱ्याला बैल जुंपायचे. घाई करून गाऱ्यातच औत घातलं तर माती थापली जाते आणि वाळल्यावर दगडासारखी ढेकळं निघतात. उलट झड लागली आणि पाणी शेतातच थांबलं, तर शेत चिबडतं. मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात, उभी पऱ्हाटी मान टाकते. चिबडलेल्या शेताकडे पाहताना घरातली माणसं मोठ्याने बोलत नाहीत.

गावासाठी जुन्यांनी जागा निवडली ती पांढरी, शेतं राहिली काळीत. पांढरीतून काळीत नेणारी वाट म्हणजे पांदण, आणि गाऱ्याचा खरा मार तिथेच बसतो. खताची बंडी चाकाच्या आऱ्यांपर्यंत फसते. आर्वी-कारंजाकडचा चपळ गवळाऊ बैलही गुडघे टेकतो, धुरकरी खाली उतरून चाकाला खांदा लावतो.

याच काळीत 1936 च्या जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडी, गांधीजी वर्ध्यातली मगनवाडी सोडून जवळच्या शेगावला राहायला आले. तेव्हा वर्ध्याहून तिथे जायला धड रस्ता नव्हता, आणि त्याच पावसाळ्यात हिवतापाने त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तरी ते गाव त्यांनी सोडलं नाही. 1940 मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. तिथल्या कुट्या बांबू, माती आणि कवेलूंच्या. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी हाताने उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा आजही दिसतो. कमी खर्चात, जवळच्या मातीतून इतकं सुबक घर उभं राहू शकतं, हे तिथे गेल्यावर कुणालाही पटावं.

सेवाग्रामला आता डांबरी रस्ता आहे. पांदणींचं मात्र अजून पुष्कळ बाकी आहे. 2021 मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, ती चांगलीच. पण काळीवर नुसता मुरूम टाकून भागत नाही. खालची माती फुगते आणि मुरूम गिळते. पाण्याला वाट करून दिली तरच वरचा रस्ता टिकतो. कामावर येणाऱ्या अभियंत्यांना आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे: मुरमाची पहिली गाडी रिकामी करण्याआधी दोन्ही बाजूंच्या नाल्या काढा, आणि पाणी कुठे थांबतं हे त्या पांदणीवरून रोज बंडी नेणाऱ्या धुरकऱ्याला विचारा.