मंगळ आपल्या खाणीजवळ

परवा सहावीतल्या भाचीला घेऊन खाणीच्या रस्त्यानं वणीला येत होतो. कोळशाच्या वरची माती काढून रचलेले डोंगर बघून ती म्हणाली, "मामा, हे तर मंगळासारखं दिसते ना!"

मंगळ तिनं मोबाईलवर पाहिलेला. म्हटलं, चला, पुस्तक घेऊन देऊ. दुकानात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं भरपूर, पण ग्रहांचं मोठ्या चित्रांचं मराठी पुस्तक नाही. आमच्या लहानपणी सोव्हिएत रशियातली रंगीत मराठी पुस्तकं स्वस्तात मिळायची. 1991 नंतर तेही संपलं.

नारळीकर सरांनी मराठीतून विज्ञान लिहिलं. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं लोणारचं विवर आपल्याच विदर्भात. बेसाल्टमधलं असल्यानं मंगळाच्या अभ्यासाला ते उपयोगी पडतं. 2024 मध्ये मराठी अभिजातही झाली. मग आपल्या पोरांना मंगळ इंग्रजीतच का बघावा लागतो?

ग्रंथालयांच्या अनुदानातून दरवर्षी अशी चार पुस्तकं घ्यायची ठरली, तर प्रकाशकही छापतील.

तोवर मी इंग्रजी पुस्तक मागवलंय. दर चित्राखाली मराठी चिठ्ठी चिकटवतो. आठ पानं झाली. वणीत अजून कोणाला पाहिजे असेल तर सांगा, वाचायला देतो.