सहीची जागा

परवा दादाचा फोन आला. "तुझ्या पुतण्याने फॉर्म आणलाय. पालकांच्या सहीची जागा तेवढी रिकामी आहे. करू का सही?"

फॉर्म रेसिंग लायसन्सचा. पोरगं पंधरा वर्षांचं. रस्त्यावर मोटरसायकल चालवायला अजून तीन वर्षं आहेत, आणि ट्रॅकवर मात्र आत्ताच! हे लायसन्स देते एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. 1971 सालची ही संस्था. देशातल्या शर्यतींचे नियम तिचे, आणि मोटरसायकलींसाठी ती एफआयएम या जागतिक संघटनेशी जोडलेली.

दादाने मलाच विचारलं, त्याला कारण आहे. कॉलेजात असताना आम्ही गावाबाहेरच्या माळावर 'रेस' लावली होती. गाड्या सात, हेल्मेटं दोन! मित्राचा पाय मोडला. भाजीचा टेम्पो मिळेपर्यंत तासभर तो तिथेच पडून होता. अजून लंगडतो.

म्हणून मला फेडरेशनची कटकट ही कटकट वाटत नाही. डॉक्टरचा दाखला, शर्यतीआधी गाडीची आणि हेल्मेटची तपासणी, वळणावर झेंडे घेतलेले मार्शल, अ‍ॅम्ब्युलन्स... आमच्या माळावर यातलं काहीच नव्हतं.

पण दादाला खोटा धीर तरी कसा द्यायचा? 5 ऑगस्ट 2023 ला चेन्नईजवळच्या ट्रॅकवर बंगळुरूचा 13 वर्षांचा मुलगा राष्ट्रीय स्पर्धेत पडला आणि गेला. ती काही माळावरची रेस नव्हती. 2021 मध्ये युरोपातल्या ट्रॅकवर 14, 15 आणि 19 वर्षांची तीन मुलं गेली, तेव्हा कुठे एफआयएमने वयाच्या अटी कडक केल्या. नियमांच्या पुस्तकातली कित्येक कलमं अशी कुणीतरी गेल्यावर लिहिली जातात.

फेडरेशन धोका कमी करू शकते, संपवू शकत नाही. म्हणून तर ती जागा आई-बापांसाठी ठेवलेली असते.

दादाला म्हटलं, "सही करण्याआधी एकदा त्याच्याबरोबर ट्रॅकवर जा. तपासणी कशी करतात, अ‍ॅम्ब्युलन्स कुठे उभी असते, डोळ्यांनी बघ. आणि नाही म्हणालास, तर तो माळावर जात नाही ना, एवढं मात्र बघ."

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "ते ठीक आहे रे. पण तुझ्या वहिनीला कोण सांगणार?"

फॉर्म अजून टेबलावरच आहे म्हणे.